क्लिनिंगपर्यंत नेऊ

मराठी एम.ए.च्या वर्गात 'यंत्रयुग' हा शब्द आम्ही गेली पंधरा-सतरा वर्षे उच्चारत आलो आहोत. मर्ढेकर शिकवताना तो येतो, नारायण सुर्वे शिकवताना येतो, आणि उत्तरपत्रिकांत तर तो पानागणिक दोनदा येतो. या शब्दातील यंत्र प्रत्यक्षात कसे असते, हा प्रश्न मात्र वर्गात कुणी विचारीत नाही. आमच्या साहित्यातील यंत्र एक तर अविरत, निर्दयपणे चालू असते, नाही तर ते थांबलेले असते. मामा वरेरकरांच्या कादंबरीचे नावच 'धावता धोटा' आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात १९८२ च्या संपानंतर न धावणारा धोटा एका घरातील माणसांचे काय करून ठेवतो ते दिसते. या दोहोंच्या मध्ये यंत्राची आणखी एक अवस्था असते. ज्यांनी कारखाना आतून पाहिला आहे ते सांगतील, की बहुतेक यंत्रे बहुतेक काळ याच तिसऱ्या अवस्थेत असतात. ती म्हणजे बिघडलेले असूनही चालवत ठेवलेले यंत्र. ते आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. आमच्या जगण्यात मात्र ते लहानपणापासून होते.

हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. तेव्हा येथील 'आम्ही' हे आदरार्थी नव्हे, खरेखुरे अनेकवचन समजावे. आम्ही दोघेही कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या परिसरात वाढलो. आमच्यापैकी एकाचे वडील त्या कारखान्यात मिल हाऊसचे फिटर होते, सर्व जण त्यांना मिस्त्री म्हणत. दुसरीचे वडील ऊस पिकवणारे, कारखान्याचे सभासद. मिल थांबली की एका घरात वडील रात्री-बेरात्री उठून जात, आणि दुसऱ्या घरात वडील केनयार्डातल्या गाड्या मोजत बसत. एकाच घटनेच्या या दोन बाजू आम्हांला आज एका लेखात बसवायच्या आहेत, आणि त्या सहजासहजी बसत नाहीत हे आधीच सांगून टाकतो.

साखर कारखाना हा इतर कारखान्यांसारखा नसतो. कापडाची गिरणी आठ तास बंद राहिली तर सूत सूतच राहते. ऊस तसा राहत नाही. तोडल्या क्षणापासून त्यातील साखर मोडू लागते. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते; ही दोन्ही गोड असली तरी त्यांचे दाणे बांधता येत नाहीत, ती मळीबरोबर निघून जातात आणि जाताना थोडी चांगली साखरही घेऊन जातात. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा दंडक. त्यात ऊस वाळतो तो वेगळाच, आणि शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. तोडणी कामगाराची मजुरीही टनावरच. बीडकडून आलेली कोयत्याची जोडी गाडी रिकामी होईपर्यंत दुसरी भरू शकत नाही. दिवसाला २५०० टन गाळपाचा कारखाना धरला, तर तासाला शंभराहून अधिक टन ऊस होतो, आणि अकरा टक्के उतारा धरला तर तासाला अकरा टनांच्या आसपास साखर. दहा तास मिल बंद म्हणजे हजार टन ऊस, म्हणजे अडीच टनांच्या चारशे बैलगाड्या, रस्त्याच्या कडेला उन्हात.

शिवाय कारखाना स्वतःचेच उच्छिष्ट जाळून चालतो. मिलमधून पिळून निघालेला भुसा, बगॅस, तोच बॉयलरचे इंधन. त्या वाफेवर त्या काळी मिलच्या टर्बाइन चालत, त्याच वाफेवर रस आटे, वीजही तिचीच. मिल थांबली की भुसा थांबतो. साठवलेला भुसा जाळत बॉयलर धरून ठेवावा लागतो. टाक्यांतला रस आंबू लागतो. एका चक्राचा एक दात मोडला की सगळे घर उपाशी, असे मिस्त्री म्हणत. (हे वाक्य त्यांनी रूपक म्हणून म्हटलेले नव्हते. आम्ही त्याला रूपक म्हणतो, हा आमच्या पेशाचा दोष.)

आता बिघाडाकडे येऊ. मिल म्हणजे तीन प्रचंड रोलर, खाली दोन, वर एक. वरचा रोलर हायड्रॉलिकच्या दाबाने खाली रेटलेला असतो आणि उसाच्या थराप्रमाणे किंचित वर-खाली होतो. अशा चार मिली एकामागे एक. प्रत्येक रोलर दोन्ही टोकांना गनमेटलच्या बेरिंगवर फिरतो. बेरिंगला तेल लागते आणि थंड ठेवायला पाणी. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होई आणि मार्च-एप्रिलपर्यंत चाले. या सगळ्या काळात हे काही टनांचे रोलर रात्रंदिवस, आम्लधर्मी रसात भिजत, उसाबरोबर आलेली माती आणि दगडगोटे चावत फिरत असतात. यात काहीही न बिघडणे हेच अनैसर्गिक. रोलरचे दात झिजले की ते उसाला धरत नाहीत, ऊस नुसता घसरतो. मग फिरत्या रोलरच्या दातांवरच वेल्डिंगचे टाके मारतात. होय, फिरत्या. मिल न थांबवता, एक माणूस रसाने ओल्या पत्र्यावर उभा राहून, हातात वेल्डिंगची कांडी घेऊन समोरून सरकणाऱ्या दातांवर ठिणग्या पाडीत असतो, आणि त्या खरबरीत टाक्यांनी रोलर पुन्हा ऊस ओढू लागतो. शिवणकामातला 'टाका' हा शब्द वेल्डिंगला कुणी दिला असेल ते असो. त्याने भाषाशास्त्राची एखादी पदवी मिळवलेली नसणार.

या लोकांच्या बोलीविषयी वेगळा लेख लिहायला हवा. बेरिंग तापण्याआधी 'बोलते'. मिल 'ओढत नाही'. नट 'आट्यावर येत नाही'. कपलिंगचा 'खुळखुळा' होतो. निकामी झालेला भाग 'गेला' असे म्हणतात, अगदी माणसाविषयी म्हणावे त्या स्वरात. पण सर्वांत महत्त्वाचा शब्दप्रयोग आम्हांला वाटतो तो 'क्लिनिंगपर्यंत नेणे'. रस आटवण्याच्या भांड्यांच्या नळ्यांत क्षार साचतात, म्हणून दर काही दिवसांनी कारखाना ठरवून थांबवावा लागतो, नळ्या कॉस्टिक सोड्याने उकळून, खरवडून साफ कराव्या लागतात. ही जनरल क्लिनिंग. हा थांबा हिशेबात धरलेला असतो, त्याबद्दल कुणाला कुणी जाब विचारीत नाही. त्यामुळे फिटरची सारी कला या एका गोष्टीत एकवटते, की आज बोलू लागलेले बेरिंग क्लिनिंगच्या दिवसापर्यंत कसे न्यायचे. आजारी माणसाला लेकीच्या लग्नापर्यंत न्यावे तसे.

नेण्याचे उपाय ठरलेले असतात. पाण्याची जादा नळी सोडायची. तेल वाढवायचे, यंत्राच्या पंपावर न विसंबता हातानेही घालायचे. मिलचा वेग थोडा उतरवायचा. आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे हायड्रॉलिकचा दाब कमी करायचा. वरच्या रोलरवरचा भार हलका झाला की बेरिंग शांत होते. मिल चालू राहते. भोंगा वेळेवर वाजतो. शेतकी खात्याचे लोक समाधानाने विडी ओढतात.

येथे आमच्यापैकी दुसरीच्या घराची बाजू सुरू होते. दाब कमी झाला की ऊस कमी पिळला जातो. भुशात साखर अधिक राहते आणि ओलावाही अधिक राहतो. ओला भुसा नीट जळत नाही, वाफ पडते. आणि भुशाबरोबर जळून गेलेली साखर उताऱ्यातून वजा होते. केंद्र सरकार ठरवीत असे ती उसाची किमान किंमत उताऱ्याशी जोडलेली होती. २००९ पासून तिला एफआरपी म्हणतात, जोडणी तीच आहे. म्हणजे मिल थांबली असती तर तिच्या वडिलांचा ऊस यार्डात वाळून तोटा झाला असता, आणि मिल थांबवली नाही म्हणून उतारा घसरून तोटा झाला. पहिला तोटा डोळ्यांना दिसत होता, त्यावर वार्षिक सभेत आरडाओरडा करता येत होता. दुसरा सगळ्या सभासदांत इतका बारीक वाटला जाई, की त्याला तोटा म्हणण्याइतकाही तो कुणाच्या वाट्याला येत नसे. तिचे वडील हे जाणत होते काय? ती म्हणते, जाणत होते, आणि तरीही मिल चालू ठेवावी असेच त्यांना वाटे. कारण गाड्यांची रांग पाहून झोप न येणे त्यांना ठाऊक होते, उताऱ्याच्या दशांश चिन्हापुढील आकड्याने त्यांची झोप कधी उडाली नव्हती.

१९९४-९५ च्या हंगामात, संक्रांत उलटल्यावर, तिसऱ्या मिलचे वरच्या रोलरचे गियरकडचे बेरिंग बोलू लागले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. क्लिनिंग नऊ दिवसांवर होती. बेरिंग बदलायचे म्हणजे वरचे झाकण काढा, रोलर उचला, नवे बसवा, सगळे पुन्हा रेषेत आणा. सारे सुरळीत झाले तर आठ-दहा तासांचे काम. ऊस त्या वर्षी भरपूर होता, यार्ड भरलेले होते. इंजिनिअर साहेबांनी विचारले, मिस्त्री, काय करायचं? आणि मिस्त्री म्हणाले, "क्लिनिंगपर्यंत नेऊ, साहेब."

त्या नऊ दिवसांची एक नोंद आमच्याकडे आहे. मिस्त्रींच्या खिशातल्या डायरीत रोजच्या तारखेखाली एक आकडा आहे. सात. सहा. सहा. पाच. तापमापी जवळ नसे, असली तरी तिच्यावर विश्वास नसे. तळहात बेरिंगच्या अंगावर ठेवायचा आणि किती मोजेपर्यंत तो टिकतो ते पाहायचे. दहा मोजता आले तर काळजी नाही. तीनवर हात काढावा लागला तर थांबवा. बेरिंग आणि माणूस यांच्यामध्ये याहून सरळ भाषा आम्हांला सुचत नाही. पाचवर आल्यावर दाब आणखी उतरवला, तेव्हा दोन दिवस आकडा पाचावरच राहिला.

सहाव्या रात्री, तिसऱ्या पाळीत, हाताने तेल घालणाऱ्या ऑइलमनच्या खांद्यावरचा टॉवेल गियरच्या दातांत गेला. टॉवेल सोडवायला गेलेला उजवा हात त्याने मागे घेतला, पण दोन बोटे मागे आली नाहीत. मिल पस्तीस मिनिटे थांबली. त्या पाळीच्या स्टॉपेज रजिस्टरात 'मेकॅनिकल' या रकान्यात पस्तीस मिनिटे लिहिली गेली, आणि मिल पुन्हा सुरू झाली. डायरीत त्या तारखेखालीही आकडा आहे. चार.

बेरिंग क्लिनिंगपर्यंत गेले. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या थांब्यात ते बदलले. फिटरच्या हिशेबाने निर्णय बरोबर ठरला होता, आणि आम्हांला छळणारी गोष्ट हीच आहे. बेरिंग मध्येच बसले असते, रोलर अडकला असता, तर निर्णय चुकला असे म्हणून मोकळे होता आले असते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे बावीसावे कलम आम्ही पुढे वाचले. (नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा २०२० च्या नव्या संहितेने घेतली आहे.) चालत्या यंत्राला तेल घालायचेच असेल, तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने घालावे, त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेले असावेत, ते कपडे कारखान्याने पुरवावेत, आणि त्याचे नाव नोंदवहीत लिहिलेले असावे, असे त्यात होते. साहित्याच्या शिक्षकाला हे कलम वाचताना थबकायला होते. कायदा लिहिणाऱ्याने तो टॉवेल पाहिलेला होता! चालते यंत्र थांबवले जाणार नाही हेही त्याला माहीत होते, म्हणून त्याने 'थांबवा' असे सरसकट न म्हणता 'घट्ट कपडे घाला' असे म्हटले. तसेच १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याचे परिशिष्ट. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची क्षमता वीस टक्क्यांनी घटली, असे त्या तक्त्यात धरलेले होते. ऑइलमनला पुढे टाइम ऑफिसात शिपायाचे काम मिळाले आणि तेथूनच तो निवृत्त झाला. त्याची तक्रार कधी कानांवर आली नाही. तक्रार नसणे याचा अर्थ काय लावायचा हे मात्र आम्हांला आजही ठरवता आलेले नाही.

यावर आम्हां दोघांत मतभेद आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकाचे म्हणणे असे, की मिस्त्रींनी घेतलेला निर्णय त्यांचा नव्हताच. चारशे गाड्यांची रांग, संचालकांचे फोन, शेजारच्या कारखान्याशी चाललेली गाळपाची शर्यत, या सगळ्यांनी तो आधीच घेतलेला होता, मिस्त्रींनी फक्त तो उच्चारला. दुसरीला हे पटत नाही. ती म्हणते, असे म्हणणे म्हणजे मिस्त्रींचे कसब आणि मिस्त्रींची जबाबदारी दोन्ही एकदम काढून घेणे. ज्याला तळहाताने बेरिंग वाचता येते त्याला 'थांबवा' म्हणण्याचाही अधिकार असतो. तो त्याने वापरला नाही, एवढे तरी त्याचे असू द्या. विशेष म्हणजे मुलगा वडिलांना निर्दोष ठरवू पाहतो, आणि उसाच्या घरातली त्यांना मोठे करून दोष देते. दुसरे मत अधिक मानाचे आहे, हे आता दोघांनाही मान्य आहे.

पण मतभेद नसलेला एक मुद्दा आहे, आणि तो साहित्याचा आहे. स्टॉपेज रजिस्टरला रकाने असतात: ऊस नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, क्लिनिंग. प्रत्येक थांबा मिनिटांत मोजून यांपैकी कुठल्या तरी रकान्यात पडतो. टाळलेल्या थांब्याला रकाना नाही. त्या नऊ दिवसांत वाचवलेले आठ-दहा तास, भुशाबरोबर जळालेली साखर, पाचावर आणून धरलेला हात, हे सगळे त्या वहीच्या बाहेर राहिले. आणि आम्ही जिला कथा म्हणतो, कादंबरी म्हणतो, तिची वहीसुद्धा अशाच रकान्यांची आहे. संप घडतो, अपघात घडतो, गिरणी बंद पडते. म्हणून त्यांच्यावर लिहिता येते. क्लिनिंगपर्यंत नेणे हे काही घडू न देण्याचे काम. नऊ दिवस काहीही घडले नाही, ही गोष्ट सांगायची कशी? कामगार साहित्यावरच्या आमच्या चर्चासत्रांत शोषण येते, संघर्ष येतो, विस्थापन येते, आणि ते यायलाच हवे. पण कामगार जे काम करतो ते काम क्वचित येते. ऑइलमनची बोटे गेली नसती तर आम्हीही हा लेख लिहिला नसता, हे आम्हांला दिसते आहे. म्हणजे आमचाही रकाना तोच.

आता परिस्थिती बदलली आहे. मिलींना विजेच्या मोटारी आल्या, बेरिंगांना तापमानाचे संवेदक लागले, नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आकडा लाल झाला की घंटा वाजते. गाळपाची क्षमता दुप्पट-तिप्पट झाली आणि हंगाम आखूड झाला. २०२४-२५ च्या हंगामात महाराष्ट्रातील अनेक कारखाने शंभर दिवसही चालले नाहीत. दिवस कमी म्हणून तासाची किंमत वाढली, आणि ऊस कमी म्हणून थांबलेल्या कारखान्याच्या दारातून तो सरळ शेजाऱ्याकडे जातो. पडद्यावर लाल आकडा दिसत असतानाही 'क्लिनिंगपर्यंत नेऊ' हे वाक्य ऐकू येते, असे तेथे काम करणारे आमचे जुने विद्यार्थी सांगतात. फक्त आता हात कुणी ठेवीत नाही, आणि वाक्य फोनवर बोलले जाते.

मागच्या पावसाळ्यात, कारखाना बंद असताना, आम्ही एम.ए.च्या मुलांना मिल हाऊसमध्ये नेले होते. शब्दसंग्रहाचा प्रकल्प होता. मुलांनी दोन वह्या भरून शब्द आणले. निघताना आम्ही तेथील इंजिनिअरना सहज विचारले, की स्टॉपेज रजिस्टरात टाळलेल्या थांब्यांचा एक रकाना वाढवता येईल काय. किती दिवस यंत्र तसेच चालवले, कुणी सांगितल्यावरून चालवले, त्यात उतारा किती गेला, एवढेच. ते हसले नाहीत. क्षणभर विचार करून म्हणाले, "सर, वाढवता येईल. पण मग त्या रकान्यात सही कोण करणार?" आणि आम्हांला चहाला थांबा म्हणाले. हंगामाला तेव्हा तीन महिने होते. मिल रोलरचे पूजन होऊन गेले होते, आणि तिसऱ्या मिलचा वरचा रोलर अजून वर्कशॉपमधून यायचा होता.